दर एप्रिलला ‘गॅस कमी झालाय’: तीन वर्षं तेच बिल भरल्यावर सापडलेलं खरं कारण

दुखणं असं होतं. दीड टनाचा स्प्लिट एसी, इन्व्हर्टर नसलेला, २०२० साली घेतलेला. पहिले दोन उन्हाळे छान गेले. २०२२ च्या एप्रिलात खोली गार होईना. रिमोटवर २४ दिसतंय, ब्लोअर जोरात चाललाय आणि आई पदराने वारा घेत बसलीय. मेकॅनिक आला, आऊटडोअरला गेज (गॅसचा दाब दाखवणारं मीटर) लावलं आणि म्हणाला, “गॅस कमी झालाय.” २८०० रुपये घेतले, तासाभरात खोली गार. २०२३ च्या एप्रिलात पुन्हा तेच. या वेळी दुसरा मेकॅनिक, ३००० रुपये. २०२४ ला तिसरा, ३२०० रुपये. तीन वर्षांत ९००० रुपये गेले आणि तिघांचं निदान एकच.

तिसऱ्या वर्षी तर गॅस भरूनही भागलं नाही. मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला कॉम्प्रेसर बंद पडायला लागला. सात-आठ मिनिटं चालायचा, मग बाहेरून ‘टक्’ असा आवाज यायचा आणि आतून नुसता कोमट वारा. अर्ध्या तासाने आपोआप सुरू, पुन्हा ‘टक्’. रात्री अकरानंतर मात्र शहाण्यासारखा चालायचा. आईचं वय ७६, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, आणि आमची खोली सगळ्यात वरची. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे गेला की इथला स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहतो. त्यामुळे ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणण्यासारखी परिस्थितीच नव्हती.

ज्यांच्या घरी हेच दर वर्षी होतंय, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय.

शेवटी विजापूर वेशीजवळ ज्यांचं दुकान आहे अशा एका जुन्या कारागिरांना बोलावलं. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. गेज पिशवीतच ठेवून त्यांनी आधी विचारलं, “मालक, ह्याच्यात गॅस कवा भरला?” मी तिन्ही वर्षांची कहाणी सांगितली. ते म्हणाले, “गॅस काय पेट्रोल हाय का, जळून संपायला?”

हे एवढं वाक्य मला २०२२ साली कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. एसीतला गॅस वापरला जात नाही. तो बंद तांब्याच्या नळीत फिरतो, खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो आणि परत येतो. दहा वर्षं तोच गॅस फिरू शकतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. गळत नसेल तर कमी झालेला नाही, आणि मग न गार होण्याचं कारण दुसरीकडेच आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

माझ्याकडे दोन्ही दुखणी एकदम होती, म्हणून ती इतकी वर्षं कुणाला सापडली नाहीत.

पहिलं दुखणं घाणीचं. आमचं घर पूर्व भागात, शेजारी टॉवेलचे माग. मागांच्या खडखडाटाची सवय असते, पण हवेत उडणाऱ्या सुताच्या लवेकडे कुणाचं लक्ष जात नाही. इनडोअरचा फिल्टर मी अधूनमधून धुवायचो, म्हणून मला वाटायचं की आपला एसी स्वच्छ आहे. चाचांनी पुढचं झाकण पूर्ण उतरवलं आणि बॅटरीचा उजेड आत मारला. फिल्टरच्या मागे कॉइलच्या पात्यांवर लवेचा अखंड थर बसलेला. त्यांनी नखाने एका कोपऱ्यातून सोलायला सुरुवात केली तर वीतभर लांबीचा तुकडा कापडासारखा एकसंध निघाला. खालचा पदर करडा, त्यावर फिकट गुलाबी, सगळ्यात वर निळा. शेजारी ज्या ज्या रंगाचे टॉवेल निघाले ते सगळे आमच्या कॉइलवर क्रमाने जमले होते. आई तो तुकडा हातात घेऊन म्हणाली, “ह्याला काठ शिवला तर हात पुसायला होईल.” ब्लोअरच्या पंख्याची प्रत्येक खाच अशीच भरलेली. आऊटडोअरची मागची जाळी तर दिसतच नव्हती.

आता ह्याचा गॅसशी संबंध काय ते नीट समजून घ्या, कारण सगळी फसगत इथेच होते. आतल्या कॉइलवरून खोलीची गरम हवा जाते तेव्हाच नळीतल्या गॅसला उष्णता मिळते. हवा अडली की उष्णता मिळत नाही, कॉइल जास्तच थंड पडते आणि गेजवर दाब कमी दिसतो. गॅस कमी असला तरी दाब कमीच दिसतो. नुसतं गेज बघणाऱ्याला दोन्ही सारखेच. तो मोकळ्या मनाने सांगतो की गॅस कमी आहे, आणि काटा वर येईपर्यंत भरत राहतो. त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. एप्रिलात दिवसाला दहा घरं करायची असतात, झाकण उतरवून धुवायला तास-सव्वा तास लागतो आणि गॅस भरायला वीस मिनिटं. पण माझे पैसे गेले ते गेलेच.

पैशांपेक्षा वाईट म्हणजे त्यामुळे गॅस जास्त झाला. आऊटडोअरच्या पाटीवर कंपनीने गॅसचं वजन छापलेलं असतं. माझ्या एसीचं ७८० ग्रॅम. चाचांनी आतला गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून वजनकाट्यावर ठेवला, तो भरला ९४० ग्रॅम. बाहेर ४३ अंश असताना आऊटडोअरच्या कॉइलला त्याहून बरंच जास्त तापावं लागतं, तरच तिची उष्णता हवेत जाते. त्यात जाळीवर लव आणि नळीत जादा गॅस. दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो आणि त्याचा ओव्हरलोड, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच, त्याला वाचवण्यासाठी तोडतो. तोच तो ‘टक्’. रात्री हवा थोडी निवली की दाब उतरतो, म्हणून रात्री चालायचा.

दुसरं दुखणं खऱ्या गळतीचं. आऊटडोअरला दोन तांब्याचे पाइप जिथे नटाने जोडतात, तिथल्या जाड पाइपच्या नटावर काळपट तेलकट डाग होता आणि त्यावर धूळ चिकटलेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही फिरत असतं, त्यामुळे गळतीच्या जागी बहुतेक वेळा असा डाग दिसतो. चाचांनी वाटीत शांपू आणि पाणी घोटून ब्रशने फेस लावला. मिनिटभर काहीच नाही. मग नटाच्या खालच्या बाजूला मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला, फुटला, आणि तिथेच दुसरा यायला लागला. अगदी सावकाश. बसवताना पाइपचं तोंड नीट फुलवलं नव्हतं, एवढीच चूक. म्हणजे पहिल्या वर्षी गॅस खरोखर कमी झाला असणार. पण डाग तेव्हाही तिथेच असणार, आणि तो कुणी बघितला नाही.

पाइपचं तोंड कापून नव्याने फुलवलं, नट बसवला, नायट्रोजन भरून गेजचा काटा जिथे थांबला तिथे मार्करने खूण केली आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी काटा खुणेवरच. मग अर्धा तास व्हॅक्युम पंप चालवून आतली हवा आणि दमटपणा काढला, आणि वजनकाट्यावर मोजून ७८० ग्रॅम गॅस सोडला. इनडोअर-आऊटडोअर धुण्यासकट ४२०० रुपये झाले. वायरमधला करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर आधी दुपारी ८.९ अँपिअर येत होते, धुऊन आणि मोजून भरल्यावर ६.७. इनडोअरच्या जाळीतून येणारी हवा आधी खोलीपेक्षा जेमतेम ६ अंशांनी थंड होती, नंतर १२ अंशांनी. २०२५ च्या उन्हाळ्यात गॅसला हात लावावा लागला नाही.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर मेकॅनिकला फोन करण्याआधी एवढं बघा. साधा थर्मामीटर घेऊन एसी पंधरा मिनिटं चालल्यावर वरून आत जाणारी आणि खालून बाहेर येणारी हवा मोजा. ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर एसी आपलं काम करतोय. खोली तापायची कारणं मग पडदे, खिडकीच्या फटी किंवा स्लॅबमध्ये शोधावी लागतील. फरक कमी असेल तर फिल्टर काढा आणि फिल्टर नसतानाच पाच मिनिटं चालवून बघा. वारा एकदम वाढला तर दोष फिल्टरचा. वाढला नाही तर बॅटरी मारून कॉइल आणि ब्लोअर बघा. खाचा भरलेल्या दिसल्या तर गेजच्या आधी पाणी लागणार आहे.

बर्फ दिसला तर तो कुठे आहे ते महत्त्वाचं. आऊटडोअरजवळच्या बारीक पाइपच्या जोडावर बर्फ धरला असेल तर गॅस खरंच कमी असण्याची शक्यता मोठी. जाड पाइपवर आणि आतल्या सगळ्या कॉइलवर सारखा बर्फ असेल तर हवा अडलीय, म्हणजे घाण. बर्फ दिसल्यावर कॉम्प्रेसर चालू ठेवू नका. नुसत्या फॅनवर टाकून वितळू द्या.

इनडोअरमधून भिंतीवर पाणी गळतं तेव्हा मी महिना बघतो. आपल्याकडे एप्रिलात हवा कोरडी, एसीचं पाणी कमीच निघतं. त्या दिवसांत गळायला लागलं तर मला आधी वितळणाऱ्या बर्फाचा संशय येतो. जूनमध्ये मृग लागून हवा दमट झाल्यावर गळालं तर ड्रेन पाइप शेवाळाने तुंबलेला असतो किंवा त्याचा उतार बिघडलेला असतो. तुंबलेला पाइप बाहेरच्या टोकाकडून ओढून साफ करतात, आतून फुंकर मारून नाही. आतून मारली तर घाण पुढच्या वळणात जाऊन बसते.

कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल, नुसतं गुणगुणून थांबत असेल तर कपॅसिटर (मोटर सुरू करायला मदत करणारा भाग) किंवा कमी व्होल्टेज. त्याचाही गॅसशी संबंध नाही.

आता खर्चाचा हिशेब. तो खरा सांगायला हवा, कारण ‘सर्व्हिसिंग केलं की बिल निम्म्यावर येतं’ असं सांगणारे भेटतात आणि ते खरं नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा असा, की कोंदलेला फिल्टर काढून स्वच्छ बसवला तर एसीचा वीजवापर ५ ते १५ टक्क्यांनी उतरू शकतो. आमच्या घरी एसी मार्चअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण ८० दिवस, रोज ८ तास चालतो. तासाला सरासरी १.२ युनिट धरलं तर हंगामाचे ७६८ युनिट. पूर्ण धुण्यालाही फिल्टरचाच आकडा धरला तर त्याचे ५ टक्के म्हणजे ३८ आणि १५ टक्के म्हणजे ११५ युनिट. महावितरणचं बिल १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर महाग होत जातं, आणि एसीचे युनिट वरच्याच टप्प्यात पडतात. सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये धरले तर वाचतात ४५६ ते १३८० रुपये. एकदा नीट धुऊन घ्यायचे मी ७०० रुपये देतो. म्हणजे विजेतून एका धुण्याचा खर्च कधी निघतो, कधी कमी पडतो, फार तर थोडं वर उरतं. ज्यांच्याकडे एसी मेमध्ये रात्रीचा चारच तास चालतो, त्यांचा तेवढाही निघणार नाही.

खरा फायदा दुसरीकडे आहे. स्वच्छ एसीवर लावलेलं गेज खरं बोलतं. माझे ९००० रुपये चुकीच्या निदानात गेले, आणि पहिल्याच वर्षी धुऊन मग गेज लावलं असतं तर नटाची गळती तेव्हाच सापडली असती. कॉम्प्रेसर रोज दुपारी आठ-दहा वेळा ओव्हरलोडवर तुटत राहिला असता तर तो किती दिवस टिकला असता, हा वेगळाच प्रश्न. कॉम्प्रेसरवर अनेक कंपन्या १० वर्षांची वॉरंटी देतात खरी, पण ती बहुधा फक्त कॉम्प्रेसरची असते. गॅस, मजुरी, ने-आण आपल्यावर येते. वॉरंटीचं कार्ड काढून हे वाचून ठेवा.

वार्षिक करार घ्यावा का, असं शेजारचे काका विचारत होते. एकच एसी असेल तर माझं मत नाही म्हणून आहे. स्वस्त करारात बहुतेक वेळा धुणं आणि तपासणी असते, सुटे भाग आणि गॅस नसतो. तेवढं तर ७०० रुपयांत होतं. तीन-चार एसी असतील, दवाखाना किंवा दुकान असेल तर गोष्ट वेगळी.

किती वेळा धुवायचं हे घर कुठे आहे त्यावर. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडला, मागांपासून लांब राहणाऱ्यांना हंगामाआधी एकदा पुरेसं असतं आणि फिल्टर पंधरा दिवसांनी. आमच्यासारखं मागांच्या शेजारी घर असेल तर फिल्टर दर आठवड्याला, आणि पूर्ण धुणं दोनदा: फेब्रुवारीत आणि मेच्या सुरुवातीला. फिल्टर धुवायला पाच मिनिटं लागतात. नळाखाली उलट्या बाजूने पाणी सोडायचं, म्हणजे लव ज्या बाजूने आली त्याच बाजूने निघते. ब्रशने घासलं तर ती जाळीत रुतते. सावलीत वाळवायचा.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपल्या गावात तिथेच चूक होते. जेट पंपाने धुवायला दोन-तीन बादल्या पाणी लागतं. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे आपण सहज बोअरचं देतो. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीला आतून पांढरं कडं चढतं. तेच क्षार आऊटडोअरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर बसतात, आणि गरम कॉइलवर पाणी वाळलं की पक्के होतात. एखाद्या वेळी बोअरनेच धुवावं लागलं तर शेवटची बादली नळाच्या पाण्याची ओता. पण उन्हाळ्यात रोज आऊटडोअरवर पाणी मारणं किंवा त्याच्यावर ओलं गोणपाट टाकणं बंद करा. आमच्या गल्लीत तीन गच्च्यांवर मी गोणपाट बघितलंय. त्याने हवाच अडते. सावली करायची तर वर हातभर अंतर सोडून ग्रीन नेट बांधा, पुढची आणि मागची बाजू मोकळी ठेवा. आणि मागच्या जाळीला टेकून चादरी वाळत घालू नका.

मेकॅनिक आला की मी आता चार गोष्टी आधीच बोलून घेतो. आधी धुणं, मग गेज. धुताना मेन स्विच बंद आणि सर्किटवर प्लास्टिक. कॉइलला ॲसिड लावायचं नाही. गॅस भरायचाच असेल तर आधी गळती दाखवायची आणि नंतर वजनकाट्यावर मोजून भरायचा. पाटीवरचं वजन मी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलंय, कारण उन्हाने ती पाटी उडायला लागलीय. गॅस आर-३२ असेल तर तो पेट घेऊ शकतो, म्हणून नळीत गॅस असताना कुणालाही वेल्डिंग करू देऊ नका. ह्या गोष्टी ऐकून एक जण म्हणाला, “मग तुम्हीच करा की दादा.” मी त्याला चहा दिला आणि जाऊ दिलं.

वेळ मात्र जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली की लगेच, फार तर फेब्रुवारीअखेर धरा. तेव्हा कारागीर मोकळे असतात, घाई करत नाहीत, दरही एप्रिलपेक्षा कमी असतो. मी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर धुतल्याची तारीख, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतला फरक, अँपिअर आणि दिलेले पैसे. फिल्टर धुतल्याची खूण आई करते, खडूने, दर रविवारी.